शंका-समाधान : मुलांची माहिती मागितली जाते तेव्हा

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. शाळेने ‘अपार’चे संमतीपत्र पाठवले आहे. ‘उद्यापर्यंत सही करून द्या, मूल मागे राहिले तर जबाबदारी तुमची,’ असा निरोप वर्गाच्या ग्रुपवर आला. सही द्यावीच लागेल का?
— एक पालक, सांगली

उत्तर : नाही. ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा १२ अंकी कायमचा क्रमांक. गुणपत्रके आणि प्रमाणपत्रे पुढे एका ठिकाणी मिळावीत, हा त्याचा हेतू. तो आधारच्या साहाय्याने काढतात, म्हणून पालकाची संमती घ्यावी लागते. योजना ऐच्छिक आहे आणि दिलेली संमती मागेही घेता येते. सोय पटली तर जरूर सही करा. पटली नाही, तर ‘संमती नाही’ असे लेखी कळवून पोच घ्या. आधारबाबत सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्टच सांगितले आहे की, शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचे करता येणार नाही.

वर्गशिक्षकांवर मात्र रागावू नका. आपल्याकडे संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे हे ठरवताना, आधार-वैध विद्यार्थीच मोजले जातात, त्यामुळे शिक्षकाचे पदच त्या आकड्यावर ठरते. ‘अपार’चेही किती टक्के काम झाले, याची वरून रोज विचारणा होते. हा दट्ट्या शिक्षकावर असतो आणि निरोपाच्या भाषेतून तो तुमच्यापर्यंत येतो. पण धाकाने घेतलेली सही ही संमती नव्हे, हे शाळेनेही ध्यानात घ्यावे.

प्रश्न : आमच्या केंद्रातल्या शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक्सेल शीट येते आणि ‘संध्याकाळपर्यंत भरा’ असा आदेश असतो. आम्ही मुलांची माहिती तिथेच टाकतो. यात काही चूक आहे का?
— एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आहे, आणि मोठी आहे. त्या शीटचे रकाने पाहा : मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल. एवढ्या माहितीवर कोणीही त्या घरी फोन करून ‘तुमच्या मुलाची शिष्यवृत्ती अडकली आहे, ओटीपी सांगा’ असे म्हणू शकतो. आणि नाव, जन्मतारीख, खाते सगळे अचूक सांगितल्यावर आई विश्वास ठेवतेच. जनरल रजिस्टर आपण कुलपात ठेवतो. तीच माहिती ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये पडून राहते, त्यातला एखादा फोन दुरुस्तीच्या दुकानातही जातो.

माहिती थेट सरकारी पोर्टलवरच भरा. शीट द्यावीच लागली, तर मागणाऱ्या एकाच अधिकाऱ्याच्या कार्यालयीन ईमेलवर पासवर्ड लावून पाठवा आणि पासवर्ड वेगळा कळवा. जिथे केवळ ओळख पटवायची आहे, तिथे शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ पुरते. काम झाले की फोनमधली प्रत काढून टाका. आणि वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांचे गुण एकत्र टाकू नका. कमी गुण मिळालेल्या मुलाची त्यात नाहक मानहानी होते.

प्रश्न : मुलगा अभ्यासाचे ॲप वापरतो. ते लोकेशन आणि फोनमधले सगळे नंबर मागते. द्यावेत का?
— एक पालक, ठाणे

उत्तर : देऊ नका. अपूर्णांक शिकवायला तुमचे लोकेशन लागत नाही. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने २०२२ मध्ये ४९ देशांतली ऑनलाइन शिक्षणाची १६४ साधने तपासली. त्यांतल्या ८९ टक्के साधनांची माहिती हाताळण्याची पद्धत मुलांच्या हक्कांना बाधक किंवा धोक्याची आढळली.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांवर पाळत ठेवणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांवर बंदी आहे. दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. शिक्षण आणि सुरक्षिततेपुरती शाळांना सवलत आहे, त्यामुळे स्कूलबस कुठे पोहोचली हे पाहता येते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या तरतुदी मात्र १८ महिन्यांनी लागू होतात.

तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपच्या परवानग्या आजच बंद करा. आणि पुढच्या पालकसभेत प्रत्येकाने शाळेला विचारावे : ही माहिती कशासाठी घेता, कोण पाहते आणि काम झाल्यावर तिचे काय करता? ज्या फॉर्मबद्दल याचे सरळ उत्तर मिळत नाही, त्यावर सही करू नका.