अंगठा, शिक्का आणि डिजिटल सही

मुलांनो, सातवीच्या वर्गातून परवा एक प्रश्न आला. “गुरुजी, आमच्या सातबाऱ्यावर तलाठीभाऊंची सही नाही, शिक्का नाही, तरी तो खरा कसा?” प्रश्न फार चांगला. तोंडी सांगून विसरला जाईल, म्हणून उत्तर इथंच लिहून लावतो.

आधी हे पाहू या, की सही कशासाठी असते? दोन कामांसाठी. एक, हा कागद कुणाचा ते कळावं. दुसरं, सही झाल्यावर कुणी मजकुरात घुसडाघुसड करू नये. पहिलं काम सगळ्यांना ठाऊक असतं, दुसरं कुणाच्या ध्यानात येत नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांत वर राजमुद्रेचा शिक्का असे आणि मजकूर संपला की खाली लहान मोर्तब. मोर्तबेच्या खाली एखादी ओळ दिसली तर ती मागाहून घातलेली, हे लगेच उघडं पडे. ‘शिक्कामोर्तब झालं’ असं आपण अजून म्हणतो ना, ते इथून आलं.

गरिबाकडे मात्र शिक्का कुठला! वाचता न येणारा कुणबी कागदावर नांगराचं चित्र काढी आणि शेजारी लेखक लिही, ‘निशाणी नांगर’. वर काय लिहिलंय ते त्या बिचाऱ्याला कळत नसे. सावकारानं वाचून दाखवलं तेच खरं. याचा राग साचत गेला आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे नि खातेवह्या पेटवल्या. पुढं १८७९ साली सरकारनं कायदा केला, की शेतकऱ्याचा दस्त गावच्या रजिस्ट्रारच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे. म्हणजे सहीची भानगड ही साधी कागदाची नाही, पोटाची आहे. हे लक्षात ठेवून पुढं वाचा.

आता डिजिटल सही. पुष्कळांना वाटतं, की कागदावरच्या सहीचा फोटो काढून संगणकात चिकटवला की झाली डिजिटल सही. तसं मुळीच नाही. तो फोटो कुणीही उचलून दुसरीकडे चिकटवील. डिजिटल सही म्हणजे चित्र नव्हे, गणित आहे.

संगणक प्रथम सगळ्या मजकुराची एक खूण काढतो. आपण छोटी खूण काढून पाहू. २७५ रुपये हा आकडा घ्या. पहिल्या अंकाला १ नं, दुसऱ्याला २ नं, तिसऱ्याला ३ नं गुणा आणि बेरीज करा. २ + १४ + १५ = ३१. आता कुणी लबाडीनं २७५ चे ७२५ केले तर? ७ + ४ + १५ = २६. खूण बदलली, चोरी पकडली! (नुसती अंकांची बेरीज केली असती तर दोन्ही वेळा १४ च आली असती, म्हणून हा गुणाकार.) खरी पद्धत याहून किती तरी कठीण आहे. एक स्वल्पविराम हलला तरी सबंध खूण पालटते.

मग ही खूण किल्लीनं बंद करायची. किल्ल्या दोन असतात. एक खाजगी, ती मालकाजवळच. दुसरी जाहीर, ती कुणालाही मिळते. गंमत अशी, की खाजगी किल्लीनं जे केलं ते जाहीर किल्लीनं तपासता येतं, पण जाहीर किल्लीवरून खाजगी काढता येत नाही. अमेरिकेतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी १९७७ साली ही रीत बसवली. वहीत करून पाहा :

खूण ४. खाजगी किल्ली ७. म्हणून ४ ला ४ नं गुणत सात वेळा ४ घ्या : १६३८४. याला ३३ नं भागा, बाकी १६. ही झाली सही. आता तपासणाऱ्याकडे जाहीर किल्ली ३ आहे. १६ × १६ × १६ = ४०९६. ३३ नं भागा, बाकी ४. आपली खूण परत आली! सही खरी.

आपला ३३ म्हणजे ३ × ११ हे कुणीही ओळखील आणि त्यावरून खाजगी किल्लीही काढील. खऱ्या सहीत या ३३ च्या जागी सहाशेहून जास्त अंकी संख्या असते. तिचे दोन अवयव शोधायचे म्हटलं, तर आजचे मोठमोठे संगणकही हात टेकतात.

पण जाहीर किल्ली अमक्याचीच, हे कोण सांगणार? त्यासाठी परवाना घेतलेल्या संस्था असतात. त्या माणसाची ओळख तपासून प्रमाणपत्र देतात आणि त्या संस्थांवर केंद्र सरकारचा नियंत्रक असतो. हे सारं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यात आहे. तो १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. २००८ साली त्यात दुरुस्ती होऊन ती पुढच्या वर्षी अमलात आली. करार संगणकावरून झाला, एवढ्याच कारणावरून तो रद्द धरता येणार नाही, असं कलम १०-अ त्यातच आलं. सरकारी खरेदी आज अशाच करारांनी होते. त्यासाठी २०१६ साली केंद्रानं ‘जेम’ नावाची बाजारपेठ काढली. मृत्युपत्र मात्र अजून शाईच्या सहीनं किंवा अंगठ्यानं, दोन साक्षीदारांपुढंच करावं लागतं. ते मला योग्यच वाटतं.

आता सातबारा. डिजिटल सहीचा सातबारा महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून मिळू लागला. मोबाईलवर फुकट दिसतो तो नुसता माहितीपुरता, सहीचा वेगळा. आणि हे नीट ऐका. सही असते ती संगणकातल्या फाइलीत. छापलेल्या कागदावर ती तपासता येत नाही. म्हणून कागदावर पडताळणी क्रमांक दिलेला असतो, तो सरकारी संकेतस्थळावर घालून पाहायचा. झेरॉक्स दाखवून कुणी जमिनीचा इसार मागत असेल, तर घरच्यांना हा क्रमांक आधी पाहायला सांगा.

सगळ्यात महत्त्वाचं किल्लीचं. ग्रामपंचायतीचे वित्त आयोगाचे पैसे खर्चताना सरपंचांची डिजिटल सही लागते. ती किल्ली बोटाएवढ्या डोंगलमध्ये असते आणि वर पिन असतो. काही गावांत मी पाहिलंय, सरपंचबाईंचा डोंगल भलत्याच्याच खिशात! पिनही त्यालाच पाठ. कायदा म्हणतो, किल्ली सांभाळणं मालकाचं काम, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेली तर ताबडतोब प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवायचं. दुसऱ्याची सही लबाडीनं वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण तो लबाडीनं वापरली हे शाबीत झाल्यावर. तोवर बिलावर सही बाईंचीच दिसते आणि जाब त्यांनाच विचारतात. कोऱ्या कागदावर अंगठा देणं नि पिन देणं, यात मला काही फरक दिसत नाही. आधारवरून सही करताना मोबाईलवर येणारा आकडाही तसाच. तो आजोबांनी कुणाला वाचून दाखवू नये, एवढं घरी सांगाच.

स्वाध्याय : जाहीर किल्ली ३, भाजक ३३. पहिल्या चिठ्ठीवर खूण ५ आणि सही १४ आहे. दुसऱ्या चिठ्ठीवर खूण ८ आणि सहीही १४ च. यांतली बनावट चिठ्ठी कोणती? रीत वहीत दाखवा आणि शनिवारी वही माझ्या टेबलावर ठेवा.