विमानाची पाळी

पाटाच्या पाण्याला पाळी असते. तशीच विमानांनाही पाळी असते. का बरं?

कामथडीवरून पुणे-सातारा रस्ता जातो. रस्त्यावर गर्दी झाली की मोटार थांबते. पण आभाळातले विमान जागच्या जागी थांबू शकत नाही. उतरायला पट्टी मोकळी नसली, की ते वर घिरट्या घालते. तेल उगाच जळते.

मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत. पण त्या फुलीसारख्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकच पट्टी वापरतात. तिच्यावरच विमाने उतरतात, तिच्यावरूनच उडतात. दोन विमाने एकदम आली, तर शेकडो जीव जातील.

गर्दीच्या वेळी तिथे तासाला ४६ विमानांची ये-जा होई. विमाने आभाळात ताटकळू लागली. म्हणून २०२४ साली सरकारने तो आकडा ४४ वर आणला.

आणखी एक उपाय आहे. मुंबईत गर्दी असली, तर तिकडे येणारे विमान आधीच्या गावीच जमिनीवर थांबवून ठेवतात. पाळी आली की सोडतात.

उद्या तुमची लेक विमानाने निघेल. विमान उशिरा सुटले, तर कुरकुरू नका. पाण्याची पाळी मोडली तर भांडण होते. आभाळातली पाळी मोडली तर माणसे जातात.