आज आपण उतरत नाही

"एवढे पैसे भरलेत आणि रोम न बघताच आलात?" भूमध्य समुद्रातली क्रूझ करून परतलेल्या, पदरी तीन वर्षांचं पोर असलेल्या आईबाबांना हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्या मावशींच्या मनात वाईट काही नसतं. पण याच प्रश्नाच्या धास्तीने कितीतरी आईबाबा पहाटे साडेपाचला झोपेतल्या पोराच्या पायांत मोजे चढवतात, आणि दुपारी दोनला रोममधल्या एखाद्या कारंज्यापाशी तिघंही रडकुंडीला आलेले असतात. म्हणून स्पष्टच सांगते. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर प्रत्येक बंदरावर उतरायचा हट्ट सोडा. एखाददुसरा दिवस जहाजावरच काढा.

आधी नकाशा बघा. कार्यक्रमात 'रोम' छापलेलं असतं, पण जहाज लागतं चिविताव्हेकियाला. तिथून रोम सुमारे 80 किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो बंदर, तिथून जवळजवळ 90 किलोमीटर. जाण्यायेण्यातच तीनेक तास गेले. मधल्या वेळात जुलैचं ऊन, रांगा, आणि रोमच्या गल्ल्यांतली ती काळ्या दगडांची फरसबंदी, जिच्यात बाबागाडीची चाकं सारखी अडकतात. सँतोरिनीला तर मोठं जहाज धक्क्याला लागतच नाही. ते समुद्रात उभं राहतं, लहान बोटीने किनारा गाठायचा, आणि वर फिरा गावात जायला केबल कारची रांग, नाहीतर 580 हून जास्त पायऱ्या, नाहीतर खेचर. खांद्यावर डायपरची पिशवी असताना यातलं काय निवडाल?

उलट नेपल्सला जहाज भर शहरात लागतं. टर्मिनलच्या बाहेर आलं की समोर कास्तेल नुओव्हो हा जुना किल्ला. तास-दीड तास फिरा, मुलाला आइस्क्रीम चारा, जेवायला परत या. माल्टाची व्हॅलेटा तर न उतरताही दिसते. जहाज तटबंदीच्या पायथ्याशी उभं असतं, आणि दुपारी बारा वाजता वरच्या बुरुजावरून तोफ उडते. आधी धुराचा पांढरा गोळा, मग आवाज. डेकवर उभ्या असलेल्या मुलाला याहून चांगली जागा शहरातसुद्धा मिळणार नाही. तेव्हा उतरायचं की नाही हे शहराच्या नावावरून ठरवू नका, अंतरावरून ठरवा. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझलाही हेच लागू. जहाज मुरगावला लागतं, आणि तिथून कळंगुट गाठायला तासाहून जास्त वेळ जातो. नंतर कधीही रेल्वेने जाऊन बघता येईल अशा किनाऱ्यासाठी मुलाची दुपारची झोप घालवण्यात काय अर्थ आहे?

"पण दिवसभर जहाजावर करायचं काय?" हा प्रश्न मोठ्यांचा. मुलांना तो पडत नाही, कारण बंदरातलं जहाज हाच त्यांच्यासाठी मोठा खेळ असतो. सकाळी जहाज धक्क्याला लागताना वरच्या डेकवर जा. खलाशी आधी एक बारीक दोर भिरकावतात, त्याच्या टोकाला वजनदार गाठ असते. धक्क्यावरचा माणूस तो पकडून ओढायला लागतो, मग त्याच्यामागोमाग मनगटापेक्षा जाड दोरखंड पाणी निथळत वर येतो आणि लोखंडी खुंटावर चढतो. बऱ्याच ठिकाणी नंतर त्या दोरखंडांवर ताटाएवढ्या गोल चकत्या बसवतात, उंदरांनी दोरावरून चालत जहाजावर येऊ नये म्हणून. माझ्या लेकाला हे कळलं आणि आमचा दिवस तिथेच ठरला. उंदीर येतोय का, चकतीपाशी आल्यावर तो काय करतो, हे बघायला तो जेवणाच्या वेळेपर्यंत कठड्यापाशी उभा होता. उंदीर काही आला नाही. लेकाची मात्र काही तक्रार नव्हती.

शिवाय तेल भरायला बार्ज येतो, त्यावर लाल बावटा असतो. फोर्कलिफ्ट पालेभाज्यांची आणि अंड्यांची खोकी जहाजाच्या पोटात नेऊन ठेवते. कुणीतरी लांब दांड्याचा रोलर घेऊन जहाज रंगवत असतं. आणि नशीब असेल तर लाइफबोट खाली सोडताना दिसते. प्रवासी जहाजावर आगीचं आणि जहाज सोडण्याचं ड्रिल दर आठवड्याला करावं लागतं, आणि कर्मचाऱ्यांची ही कवायत अनेकदा बंदरातच उरकतात. एक गोष्ट मात्र मुलाला आधी सांगून ठेवा. सात लहान भोंगे आणि एक लांब, असा इशारा झाला की लहान मुलं घाबरतात. भूमध्य समुद्रातल्या काही जहाजांवर प्रवासी वेगवेगळ्या बंदरांतून चढतात, त्यामुळे मधल्याच एखाद्या बंदरात नव्या मंडळींसाठी हा भोंगा पुन्हा वाजतो. 2012 साली चिविताव्हेकियाहूनच निघालेलं कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडालं, तेव्हा तिथे चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल व्हायचं राहिलं होतं. आता निघण्याआधी किंवा निघता निघता ते घ्यावंच लागतं. मुलाला एवढा इतिहास नको. "भोंग्याचा सराव आहे" म्हटलं की पुरे.

त्या दिवशी तलाव जवळजवळ रिकामा असतो, हे खरं सुख. पण दोन गोष्टी आधी विचारून घ्या. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांवर डायपरमधल्या मुलांना मोठ्या तलावात उतरू देत नाहीत, पोहण्याचा डायपर असला तरी. इतर बऱ्याच जहाजांवरही तोच नियम असतो. त्यांच्यासाठी वेगळी उथळ जागा आहे का, ते बुकिंगच्या वेळीच बघा. दुसरं, जीवरक्षक सगळ्याच जहाजांवर नसतो. असला तरी तुम्ही हातभर अंतरावरच हवं, फोन खिशात ठेवून. बाल्कनीची केबिन असेल तर खुर्च्या कठड्यापासून लांब सरकवा आणि दाराची वरची कडी लावल्याशिवाय आंघोळीला जाऊ नका. एवढं झालं की निवांत.

किड्स क्लब बंदराच्या दिवशीही बहुतेक उघडा असतो, साधारण तीन वर्षांपासून पुढच्या मुलांना घेतात. तेव्हा मोह होतो, की मुलाला तिथे सोडावं आणि दोघांनी मिळून शहर बघून यावं. कंपनीची परवानगी असते म्हणे. माझं मत विचाराल तर नको. इटलीत रेल्वेचे संप ही नित्याची गोष्ट. गाडी चुकली आणि जहाजाची वेळ टळली, तर जहाज फक्त स्वतःच्या सहलीच्या बससाठी थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी नाही. तुम्ही धक्क्यावर आणि मूल समुद्रात, हा विचार मला तरी पिझ्झा गोड लागू देणार नाही.

त्यापेक्षा वाटून घ्या. रोमला एकाने जावं, बार्सिलोनाला दुसऱ्याने. एकटं हिंडलेलं शहर नीट दिसतंही. राहणाऱ्याचा दिवस वाया जात नाही, फक्त दुपारी मूल झोपल्यावर तुम्हीही झोपा, कपड्यांच्या घड्या नंतर होतील. बंदरात किनाऱ्याचं मोबाइल नेटवर्क मिळतं, त्यामुळे आजीला व्हिडिओ कॉल याच दिवशी करा. जहाज सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल डोळे पांढरे करतं.

जेवणाचं म्हणाल तर बुफेत त्या दुपारी गर्दी नसते, आणि पोराला साधा भात-दही हवंय असं सांगितलं तर आतून आणून देतात. वाढणारा कधी कधी गोव्याचाही निघतो, क्रूझवर गोव्याची पुष्कळ माणसं आहेत. एरवी धावपळीत असलेला तो माणूस त्या दिवशी दोन मिनिटं थांबतो, मुलाचं नाव विचारतो. धक्क्यालगतच्या बाकांवर मोबाइल धरून बसलेली ती गणवेशातली मंडळी बघा, सुट्टीच्या त्या तास-दोन तासांत तीही आपापल्या घरच्या पोरांशीच बोलत असतात.

घरात आठ-दहा वर्षांचं मोठं भावंड असेल, तर त्याला मात्र जहाजावर डांबू नका. पॉम्पेई बघायचं ते वय आहे. बाबांनी त्याला घेऊन जावं, धाकट्याने आईबरोबर राहावं, किंवा उलट. फक्त "उद्या ताई जाणार, आपण राहणार" हे धाकट्याला आदल्या रात्रीच सांगा. सकाळी गँगवेच्या तोंडाशी सांगायला गेलात, तर अख्खं टर्मिनल ऐकेल.