खांद्याच्या कूर्चेची इजा आणि भौतिकोपचार

लातूरच्या बाजारात तूर व सोयाबीनची पोती उचलणारा हमाल, अर्धापूरच्या मळ्यांतून केळीचे घड वाहून नेणारा मजूर आणि तालमीत मेहनत करणारा तरुण मल्ल या तिघांचेही भांडवल म्हणजे त्यांचा खांदा होय. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० साली एडिंबरो येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळविले. अशा या भागात खांदा जायबंदी झाला की खेळ थांबतो आणि घरातील मजुरीही थांबते. जखमी माणूस पुन्हा कामावर येतो की कायमचा अधू राहतो, हे पुष्कळ अंशी नंतरच्या व्यायामावर अवलंबून असते.

कूर्चेचे कार्य

खांदा हा शरीरातील सर्वांत अधिक फिरणारा सांधा आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा, तर खांद्याच्या पात्याची खोबण उथळ असते. खोबणीच्या काठावर तंतुमय कूर्चेचे कडे असते. डोक्यावरील घागरीखाली चुंबळ जे काम करते, तेच काम हे कडे करते. त्यामुळे खोबण खोल होते व माथा सहसा घसरत नाही. दंडाच्या बेटकुळीच्या स्नायूची एक कंडरा या कड्याच्या वरच्या भागाला जोडलेली असते.

पसरलेल्या हातावर पडणे, बैलाच्या कासऱ्याचा अचानक हिसका बसणे किंवा सांधा निखळणे यांमुळे हे कडे फाटते. वारंवार निखळणाऱ्या खांद्यात कड्याचा पुढील भाग सुटलेला असतो, हे इंग्लंडमधील शल्यचिकित्सक बँकार्ट यांनी १९२३ साली दाखवून दिले. खोलवर दुखणे, हात वर नेताना सांध्यात अडकल्यासारखे वा 'कट्' झाल्यासारखे वाटणे आणि खांदा निसटेल अशी भीती ही या इजेची लक्षणे होत. क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात, कूर्चा दिसत नाही. म्हणून 'हाड मोडले नाही' याचा अर्थ 'इजा नाही' असा घेऊ नये.

व्यायामाचे टप्पे

कूर्चेला रक्तपुरवठा कमी असल्याने ती सावकाश भरून येते. अनेक रुग्ण केवळ व्यायामाने बरे होतात. तरुण वयात खांदा वारंवार निखळत असेल तर मात्र दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करून कडे पुन्हा हाडाला जोडावे लागते. शस्त्रक्रियेनंतरचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो. प्रत्येक टप्प्याचा नेमका काळ शल्यचिकित्सक व भौतिकोपचारतज्ज्ञ ठरवितात.

पहिले ४ ते ६ आठवडे हात झोळीत ठेवावयाचा असतो. या काळातही बोटे, मनगट आणि सांगितल्याप्रमाणे कोपर हलविणे अगत्याचे असते. परवानगी मिळाल्यावर पुढे वाकून हात लोलकाप्रमाणे हलका झुलवावा. बेटकुळीची कंडरा जोडलेली असल्यास कोपर वाकवून वजन उचलणे वर्ज्य असते.

सुमारे ६ ते १२ आठवड्यांत सांध्याची हालचाल वाढवावयाची असते. भिंतीवर बोटे चढविणे, दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला आधार देणे, हे व्यायाम घरीच करता येतात. कड्याचा पुढील भाग जोडला असल्यास हात बाजूला उचलून मागे वळविण्याची घाई करू नये.

तिसऱ्या महिन्यानंतर सांध्याभोवतीचे चार लहान स्नायू व पात्याचे स्नायू बळकट करण्यास आरंभ होतो. फाटलेल्या कड्यावरील ताण हेच स्नायू कमी करतात. पोते उचलणे, कुस्ती किंवा कबड्डी यांसाठी ४ ते ६ महिने, प्रसंगी त्याहून अधिक काळ थांबावे लागते.

दोन चुका

वेदना थांबली की कडे जुळले, असा समज होऊन अनेक जण दुसऱ्या महिन्यातच कामाला लागतात. याउलट काही जण भीतीपोटी हात झोळीतच ठेवतात आणि सांधा आखडून जातो. पहिल्या चुकीने जोडलेले कडे पुन्हा सुटू शकते. दुसरीने कडे जुळूनही हात वर जात नाही.

ग्रामपातळीवरील सहकार्य

नांदेड येथे १९८८ साली व लातूर येथे २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि किनवट-माहूरसारखे तालुके नांदेडपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहेत. प्रत्येक तपासणीला जाण्यायेण्यात मजुराचा पूर्ण दिवस मोडतो आणि फेऱ्या चुकतात. म्हणून रुग्णाने घरी करावयाचे व्यायाम लिहून व प्रत्यक्ष करून दाखवून घ्यावेत आणि पुढील तारखा आधीच निश्चित कराव्यात.

खेळाच्या मैदानावर खांदा निखळल्यास शिक्षकांनी तो ओढून बसविण्याचा प्रयत्न करू नये व इतरांनाही करू देऊ नये. हात झोळीत स्थिर ठेवून मुलाला रुग्णालयात न्यावे. हात बधिर होणे, बोटे थंड वा निळी पडणे, शस्त्रक्रियेनंतर ताप येणे किंवा जखमेतून स्राव होणे ही तातडीची लक्षणे समजावीत. पंचायत सदस्यांनी रुग्णाला काही महिने हलके काम मिळेल असे पाहिले, तर घाईने पोते उचलण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही. टाका शल्यचिकित्सक घालतो. परंतु तो टिकण्यासाठी लागणारी सवड गावाने दिली पाहिजे.