आधी ट्रॉली कुठे अडते ते पाहा

प्रश्न : चाकणच्या आमच्या कारखान्यात वाय-फायवरच्या स्वयंचलित ट्रॉल्या मध्येच थांबतात. फाइव्ह-जी घ्यावं का?

उत्तर : आधी थांबण्याच्या जागा टिपा. एक अ‍ॅक्सेस पॉइंट सोडून दुसरा पकडताना ट्रॉली अडत असेल, तर रोमिंगची सेटिंग सुधारूनही भागेल. लोखंडी रॅकमागे अडत असेल, तर अँटेना हलवा.

यानं भागलं नाही, तर फाइव्ह-जीचा विचार करा. त्याच्या मानकाचं उद्दिष्ट एक लाखापैकी 99,999 छोटे संदेश एका मिलिसेकंदात पोचवण्याचं आहे. पण ते रेडिओच्या टप्प्यापुरतं. ट्रॉल्यांना सूचना देणारा सर्व्हर दूर असेल तर वेळेची ही कमाई वाटेतच जाते. तो कारखान्यातच ठेवा. फाइव्ह-जीचं उदाहरण चाकणमध्येच आहे : महिंद्राच्या तिथल्या कारखान्यासाठी एअरटेल आणि टेक महिंद्रानं 2022 मध्ये खासगी फाइव्ह-जी जाळं जाहीर केलं, ते गाड्यांत सॉफ्टवेअर भरणं आणि रंगाची तपासणी यांसाठी.

माणूस आडवा आल्यास थांबणं मात्र ट्रॉलीवरच्या सेन्सरकडेच ठेवा, नेटवर्ककडे नको.