माकडताप : गोचिडीच्या दंशातून येणारे संकट

ताप म्हटला की आपल्या मनात प्रथम डास येतो. मलेरिया, डेंग्यू व चिकुनगुन्या यांनी आपल्याला तशी सवयच लावली आहे. परंतु काही विषाणू गुरांच्या व वन्य प्राण्यांच्या अंगावर आढळणाऱ्या गोचिडीमार्फत माणसापर्यंत पोहोचतात. त्यांपैकी एकाशी महाराष्ट्राचे नाते दुहेरी आहे. त्याचा शोध लावण्यात पुण्याच्या संस्थेचा मोठा वाटा होता आणि सुमारे साठ वर्षांनी तोच विषाणू सिंधुदुर्गातील काजूच्या बागांपर्यंत येऊन पोहोचला. हा रोग म्हणजे ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’, अर्थात माकडताप.

क्यासनूरच्या जंगलातील शोध

1957 साली तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली. त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसांना तीव्र ताप येऊ लागला. दोन्ही घटनांचा संबंध गावकऱ्यांनी आधीच जोडला होता. कन्नडमधील ‘मंगन कायिले’ म्हणजे माकडांचा आजार, हे नाव त्याचीच साक्ष देते. पुण्यात 1952 साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राकडे (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) तपासाचे काम आले. माकडांचे मृत्यू पाहून प्रथम पीतज्वराची शंका घेतली गेली. तो रोग आशियात शिरला असता तर अनर्थ ओढवला असता. मात्र टेलफर्ड वर्क, हॅरल्ड ट्रॅपिडो व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांच्या तपासणीत निराळेच सत्य पुढे आले. हा विषाणू नवा होता. तो रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग होता आणि त्याचा प्रसार हिमाफायसॅलिस जातीच्या गोचिडींमुळे होत होता.

विषाणूचे चक्र

अंड्यातून बाहेर पडलेली गोचीड सहा पायांची असते. रक्त शोषून व कात टाकून ती आठ पायांची होते आणि त्यानंतर पूर्ण वाढीस पोहोचते. एका अवस्थेत शरीरात शिरलेला विषाणू पुढील अवस्थेतही टिकून राहतो. माणसाला मुख्यतः मधल्या अवस्थेतील गोचीड चावते. ती इतकी लहान असते की अंगावर चढली तरी बहुधा ध्यानात येत नाही. या अवस्थेतील गोचिडी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत विपुल असतात. म्हणून रुग्णही साधारणतः डिसेंबर ते मे या काळातच अधिक आढळतात.

जंगलातील उंदीर, चिचुंद्री यांसारख्या लहान प्राण्यांत हा विषाणू वावरतो. वानर व माकड यांना मात्र त्याची बाधा जीवघेणी ठरते. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी खाली उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची बनते. गुरे गोचिडी वाढवतात व घराकडे आणतात, परंतु विषाणूच्या प्रसारात त्यांचा स्वतःचा वाटा नगण्य असतो. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग होत नाही.

शिमोग्यापासून सिंधुदुर्गापर्यंत

कित्येक दशके हा रोग कर्नाटकाच्या पाच जिल्ह्यांपुरताच मर्यादित मानला जात असे. 2012 नंतर तो तमिळनाडूतील निलगिरी व केरळातील वायनाड येथे आढळला. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण सापडले.

येथे काजूचा हंगाम आणि गोचिडींचा हंगाम एकाच वेळी येतो. जंगलाला लागून असलेल्या बागांत, पाचोळ्यात वाकून बी वेचावी लागते. शेतासाठी पातेरा गोळा करून आणावा लागतो. वर्षाची कमाई ज्या चार महिन्यांत पदरी पडते, त्याच महिन्यांत जंगलात न जाण्याचा सल्ला कोण मानणार? म्हणूनच या रोगाचा प्रतिबंध माणसाचे काम न थांबवता करावा लागतो.

लक्षणे व उपचार

दंशानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी तीव्र ताप, डोकेदुखी व असह्य अंगदुखी सुरू होते. उलट्या, जुलाब, तसेच काहींना नाक व हिरड्यांतून रक्तस्राव होतो. बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत बरे होतात. काहींना मात्र मध्यंतरी बरे वाटून पुन्हा ताप येतो व मेंदूवर परिणाम होतो. मृत्यूचे प्रमाण 3 ते 5 टक्के आहे. विषाणूवर रामबाण औषध नाही, पण शरीरातील पाणी, रक्तदाब व रक्तस्राव यांकडे वेळीच लक्ष दिल्यास प्राण वाचतात.

प्रारंभी रशियन विषाणूची लस वापरून पाहिली गेली, ती उपयोगी ठरली नाही. पुढे कर्नाटकात 1990 पासून भारतीय लस देण्यात आली. तिच्या अनेक मात्रा घेऊनही संरक्षण अपुरे पडत असल्याने 2022 मध्ये तिचा वापर थांबला. सुधारित लसीवर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने काम हाती घेण्यात आले आहे.

गोचीडजन्य असाच दुसरा रोग म्हणजे क्रिमियन-काँगो ताप. भारतात तो जानेवारी 2011 मध्ये गुजरातमध्ये उघडकीस आला. तो रुग्णाच्या रक्तातूनही पसरतो. त्या वेळी रुग्ण महिलेवर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका यांनाही प्राण गमवावे लागले.

घ्यावयाची काळजी

• जंगलात वा बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत आणि उघड्या अंगाला डीएमपी तेल किंवा डेपा हे प्रतिबंधक लावावे.
• परतल्यावर कपडे गरम पाण्यात धुवावेत, साबणाने स्नान करावे आणि काखा, जांघा व कानामागील भाग तपासावा.
• चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. ती चिरडू नये, जाळू नये किंवा तिच्यावर रॉकेल ओतू नये.
• मेलेल्या माकडाला हात लावू नये. आरोग्य केंद्र व वन खाते यांना तत्काळ कळवावे.
• ताप आल्यास आपण जंगलात गेलो होतो, हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.

रायपूर परिसरातील वाचकांना हा विषय पश्चिम घाटापुरताच वाटण्याचा संभव आहे. परंतु छत्तीसगडचे सुमारे 44 टक्के क्षेत्र वनभूमी आहे. मोहाची फुले व तेंदूपाने गोळा करणाऱ्यांचा हंगामही उन्हाळाच असतो. कर्जप्रकरणांच्या पाहणीसाठी आपले सहकारी अशा गावांत जातात आणि तेथील कुटुंबे आपली ग्राहक आहेत. माकडांचा मृत्यू हा माणसांसाठी इशारा असू शकतो, ही गोष्ट क्यासनूरच्या गावकऱ्यांनी प्रयोगशाळेच्या आधी ओळखली होती. असा इशारा दिसताच योग्य ठिकाणी कळवणे, एवढे कर्तव्य आपण प्रत्येकाने पार पाडले तर अनेक घरांवरील संकट टळू शकेल.