एका शब्दाची चार घरं

चि. सोनूस,


तुझं पत्र पोचलं. जपानीच्या परीक्षेसाठी रोज वीस कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी चिन्हं, पाठ करतेस, वहीत प्रत्येक शब्दापुढे एकच मराठी अर्थ लिहितेस, आणि चिन्हं तीच असल्यामुळे पुढे चिनीही आपोआप येईल असं तुला वाटतं. मेहनतीचं मला कौतुक आहे. पण ही पद्धत सोड, असं मी तुला कळकळीने सांगतो.

तुझ्याच यादीतला ‘कुफू’ घे. त्यापुढे तू ‘युक्ती’ लिहिलंस. ते बरोबरच आहे. टोयोटाने १९५१ साली कामगारांच्या सूचनांसाठी जी योजना सुरू केली, तिच्या नावातही हा शब्द आहे. पण हीच दोन चिन्हं ‘कोफु’ अशी वाचली की अर्थ होतो बांधकामावरचा मजूर! पहिलं चिन्ह कामाचं, दुसरं माणसाचं. मुळात शब्द घामाचाच आहे.

चीनमध्ये तो ‘गोंगफू’. कामाला लागणारे कष्ट, मग त्यासाठी लागणारा वेळ, आणि त्या वेळातून हातात उतरलेलं कसब. आजही चिनी माणूस ‘गोंगफू आहे का?’ म्हणतो तेव्हा तो सवड विचारत असतो. बाराव्या शतकात चू शी या तत्त्वज्ञाने मन घडवण्याच्या रोजच्या साधनेलाही हेच नाव दिलं. चीनच्याच छाओचौ भागात इवल्याशा किटलीतून सावकाश, निगुतीने केलेला चहा हाही गोंगफूचाच. हाच शब्द, कुंग फू, म्हणजे हाणामारी, हे जगाच्या डोक्यात बसवलं ते १९७० नंतर हाँगकाँगच्या चित्रपटांनी. चीनमध्ये त्या विद्येचं रीतसर नाव वूशू आहे.

व्हिएतनामीत ‘कोंग फु’ म्हणजे जीव ओतून केलेलं काम. तिथल्या बौद्ध मठांतल्या नित्य पठणालाही तेच म्हणतात. आणि कोरियात? तिथे ‘गोंगबु’ म्हणजे शाळेतल्या मुलांचा अभ्यास.

हे ऐकून मला आपलाच ‘अभ्यास’ आठवला. संस्कृतात तो पुन्हा पुन्हा करणं. पतंजलीच्या योगसूत्रांतला अभ्यास तोच. हिंदीत आजही सराव. मराठीत मात्र तो पाठ्यपुस्तकाशी येऊन बसला. कोरियन लोकांनी श्रमाच्या शब्दाचं जे केलं, तेच आपण सरावाच्या शब्दाचं केलं. तुझ्या वहीत ‘युक्ती’ एवढंच राहिलं, तर हे सगळं तुला कधी दिसणारच नाही.

म्हणून वीसऐवजी पाचच शब्द घे, पण प्रत्येकाला एक पान दे. तो कुठून निघाला, कुठल्या घरी काय झाला, ते लिही. परीक्षेत चार गुण कमी पडले तरी चालतील.

पहिलं पान ‘बेनक्यो’चं कर. जपानीत अभ्यास, तिथल्या दुकानदाराच्या तोंडी भावातली सूट, आणि चिनीत त्याच चिन्हांचा अर्थ मनाविरुद्ध, ओढूनताणून. ही तीन टोकं कुठे जुळतात ते स्वतः शोध आणि दिवाळीला येताना ते पान घेऊन ये.

तुझा,
मामा